वेंगुर्ल्याच्या नाखव्याचं पत्र

इथे अमेरिकेत, आमच्या मॉरिसव्हिलमधल्या निम्म्या मराठी घरांत माझ्या हातचं एक तरी कार्ड सापडेल. दर गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये मी कोपऱ्यात टेबल टाकून बसायचो. समोर बोरू आणि शाईची बाटली, मागे मोडी मुळाक्षरांचा तक्ता. आया पोरांना रांगेत उभं करायच्या आणि मी प्रत्येकाचं नाव मोडीत लिहून द्यायचो. पोरं म्हणायची, ‘कूल!’ मी मिशीतल्या मिशीत हसायचो. लोक मला मोडीकाका म्हणू लागले आणि मीही ते नाव आनंदाने मिरवलं.

खरं सांगायचं तर मला मोडी येत नव्हती. मला मुळाक्षरं येत होती. वेंगुर्ल्याला वडील बंदरावरच्या कचेरीत कारकून होते. त्यांनी एका मे महिन्याच्या सुट्टीत मला समोर बसवलं, आणि बाराखडी संपते न संपते तोच मी समुद्रावर पळ काढला. तेवढ्या भांडवलावर नाव लिहिता येतं, जुना कागद वाचता येत नाही. जुन्या कागदात लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढून घेतो आणि मग तिच्याखाली हात न उचलता लिहीत सुटतो. शब्द कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला, याचा पत्ता लागत नाही. ड्रायव्हिंगची लेखी परीक्षा पास झालेल्या माणसाला एकदम हायवेवर सोडावं तशी माझी गत व्हायची. पण इथे मला कागद वाचायला सांगणार कोण होतं? त्यामुळे थाप छान खपून गेली.

माझी मुलगीही त्यावर विश्वास ठेवून होती. ती आमची एकुलती एक, इथेच जन्मलेली. इंजिनिअरच्या पोटी येऊन तिने इतिहास घेतला, तेव्हा मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो. बायको मात्र खूश होती. मुलगी मिशिगनला पीएचडीला गेली आणि तिने विषय निवडला सतराव्या शतकातला डचांचा समुद्री व्यापार. त्यातही आपला पश्चिम किनारा, आणि त्यातही वेंगुर्ल्याची डच वखार. ज्या पडक्या वखारीत खेळतो म्हणून आम्ही लहानपणी मार खाल्ला, तिच्यासाठी पोरगी जुनी डच भाषा शिकली. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या डच कारकुनाचं अक्षर ती घडाघडा वाचायची. आजीची पत्रं मात्र शेवटपर्यंत मीच तिला वाचून दाखवली.

पाच वर्षांपूर्वी बायको गेली. तिच्या आजाराचं निदान झालं तेव्हा मुलीची मोठी परीक्षा सहा आठवड्यांवर होती. ती पास झाली नाही तर पीएचडीच बंद, असा प्रकार. आम्ही दोघांनी ठरवलं, तिला सांगायचं नाही. परीक्षा होऊ दे, मग सांगू. आपल्या घरांत असंच करतात, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. पण चौथ्या आठवड्यात बायको म्हणाली, “बोलाव तिला. मला बघायचंय.” मी म्हटलं, “पंधरा दिवस राहिलेत गं, निघतील.” हे माझं वाक्य आहे आणि त्याला दुसरा कोणी धनी नाही. परीक्षा देऊन मुलगी आली तेव्हा तिची आई बोलण्याच्या पलीकडे गेली होती. दोन दिवस ती आईचा हात धरून बसली. दिवसकार्य झाल्यावर परत गेली ती गेलीच. पुढे फोन यायचा तो दिवाळीला आणि माझ्या वाढदिवसाला. “हाऊ आर यू, बाबा? गोळ्या घेतोस ना?” संपलं.

म्हणून त्या फेब्रुवारीतल्या रविवारी दुपारी तिचा फोन वाजला, तेव्हा आधी मी कॅलेंडर बघितलं.

“बाबा, तुला मोडी येते ना? लाइक, रिअली वाचता येते?”

“म्हणजे काय!” मी म्हटलं.

मग ती बोलायला लागली. किती बोलली! डच जहाजं दर हंगामात गोव्याच्या तोंडाशी येऊन उभी राहायची, पोर्तुगीजांची वाट अडवायला. महिनोन् महिने ती तिथेच. त्यांच्यावरच्या माणसांना पाणी, तांदूळ, सरपण लागायचं आणि ते पुरवायला जवळ म्हणून वेंगुर्ल्याची वखार. वखारीतले कारकून मोठे चिवट. एकेका कागदाच्या नकला काढून वेगवेगळ्या जहाजांनी बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, आणि हॉलंडला पाठवायचे, म्हणजे एक जहाज बुडालं तरी दुसरी नक्कल पोचावी. अशाच एका गठ्ठ्यात तिला डच अहवालाला जोडलेला एक मोडी कागद सापडला होता. शेजारी डच कारकुनाने नुसतं लिहिलं होतं, इथल्या एका नाखव्याचा कागद. नाखवा म्हणजे गलबताचा मालक. आत काय आहे ते कोणीच वाचलेलं नव्हतं.

“इमॅजिन कर,” ती म्हणाली, “सगळी डच लोकांची बडबड आहे, आणि त्यात हा एकच आपला माणूस.”

ती ‘आपला’ म्हणाली. ते ऐकून मला भरून आलं. म्हटलं, पाठव, बघतो.

दोन पानांचा फोटो आला. मी तो कॉम्प्युटरवर मोठा केला, चष्मा पुसला, तक्ता शेजारी ठेवला. तीन दिवस डोकं खाजवून हाती लागलं ते असं: वर ‘श्री’, मध्ये कुठेतरी ‘गलबत’, आणि एक ‘पाणी’, तेही असलंच तर. बाकी सगळी एकसलग माळ. तेव्हाच फोन करून सांगायचं होतं, बाळा, मला येत नाही, पुण्यात जाणकार लोक आहेत, त्यांना विचार. एवढंच म्हणायचं होतं. पण पुण्याच्या माणसाला विचारलं असतं, तर पुढच्या रविवारी तिने मला कशाला फोन केला असता?

रविवारी बरोबर दोन वाजता तिचा फोन आला. मी म्हटलं, “अक्षर फार किचकट आहे. दर आठवड्याला चार ओळी होतील.”

“टेक युअर टाइम, बाबा,” ती म्हणाली.

आणि मी सांगायला सुरुवात केली. नाखव्याने वखारीच्या साहेबाला लिहिलेलं पत्र. आपल्या जहाजावर माझा मुलगा चाकरीला लागून बटाव्हियाला गेला, त्याला तीन पावसाळे झाले. हंगामाची पहिली शिडं दिसली की मी होडी घेऊन सामोरा जातो आणि प्रत्येक जहाजाला विचारतो. ती हे भराभर इंग्रजीत उतरवून घ्यायची. मध्येच थांबवून विचारायची, “एक्झॅक्टली कोणता शब्द आहे?” मी एखादा जुनाट वाटणारा शब्द ठोकून द्यायचो. आठवडाभर फिरायला जाताना मी पुढच्या चार ओळी मनात जुळवायचो. सोमवार ते शनिवार मला काही काम नसायचं, आता ते मिळालं. मी फ्रीजमधल्या डब्यांवर जगणं सोडून आमटी-भात करायला लागलो. ओळी झाल्या की आम्ही इतर गोष्टी बोलायचो. तिच्या रूममेटचं मांजर, तिकडचा बर्फ, पिठल्यात आधी काय घालायचं. बायको असतानाही पोरगी माझ्याशी इतकं बोलली नव्हती.

पाचव्या की सहाव्या रविवारी मी पुढच्या ओळी सांगितल्या. त्या मी ठरवून रचल्या नव्हत्या. तलावाभोवती चालताना आपोआप आल्या. नाखवा लिहितो, मुलाची आई वारली. ती आजारी असताना जहाजाबरोबर निरोप पाठवता आला असता. मी पाठवला नाही. परमुलखात पोराचं मन उडेल, काम बिघडेल, असं मला वाटलं. ती त्याला बोलवा म्हणत होती. चूक माझी आहे, साहेबांनी एवढं त्याला कळवावं.

मग तिने नाक ओढल्याचा आवाज आला.

“असं खरंच लिहिलंय?”

“हो,” मी म्हटलं.

“पुअर मॅन,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “बाबा, मी तुझ्यावर खूप रागावले होते.”

“माहीत आहे गं.”

त्या दिवशी आम्ही दोघंही फोनवर रडलो. मला वाटलं, सुटलो एकदाचा. माफी माझ्या तोंडून कधी निघाली नसती. माझ्या बापाच्या तोंडूनही कधी निघाली नाही, आमच्याकडे पुरुष माफी मागत नाहीत, आंबे कापून पुढे ठेवतात. ती त्या नाखव्याच्या तोंडून निघाली आणि पोरीने ती स्वीकारली. हे पाप आहे असं मला त्या वेळी वाटलं नाही. पत्र मे महिन्यात संपलं. रविवारचे फोन मात्र चालू राहिले.

त्या पत्रावर तिने एक अख्खं प्रकरण लिहिलं. डच जहाजांवर गेलेली माणसं आणि किनाऱ्यावर मागे राहिलेली माणसं, असा काहीसा विषय. तिच्या गाइडला प्रकरण फार आवडलं, पण ते म्हणाले, वाचन दुसऱ्या कोणाकडून तपासून घे. हे तिने मला हसत हसत सांगितलं. “मी सांगितलं त्यांना, माय फादर रीड्स मोडी. ही ग्रू अप विथ इट.” तेव्हाही बोलता आलं असतं. मी विचारलं, “तिकडे पाऊस आहे का?”

ऑगस्टमध्ये ती न कळवता आली. मंगळवारची दुपार होती. मी दार उघडलं तर पोरगी उभी, खांद्याला एकच बॅग. मी हर्षाने वेडा व्हायचा बाकी होतो. पोहे करू का, म्हणून विचारलं. ती म्हणाली, “नको. बस.”

डायनिंग टेबलावर तिने दोन कागद ठेवले. एक त्या मोडी पानाचा प्रिंट, दुसरा टाइप केलेला. हॉलंडहून तिला वखारीच्या रोजनिशीची नक्कल मिळाली होती. त्यात त्याच आठवड्याची नोंद होती: अमुक नाखव्याने जहाजांना पाणी आणि सरपण पोचवलं, त्याची यादी सोबत जोडली आहे. तेव्हा तिने पुण्याच्या एका जाणकार बाईंना कागद पाठवला. बाईंनी चार दिवसांत वाचून दिला.

“बाबा, वाच.” तिने मोडी प्रिंट माझ्यापुढे सरकवला. “कोणतीही एक ओळ.”

मी चष्मा लावला. मी खरंच प्रयत्न केला. बोटाने ओळ धरली, ओठ हलवले. ती वाट बघत होती आणि मला तिच्याकडे बघण्याची हिंमत होत नव्हती. शेवटी मी चष्मा काढून ठेवला.

“येत नाही मला,” मी म्हटलं.

“इट्स अ लिस्ट,” ती म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. “तांदूळ, नारळ, काथ्याचे दोर, पाण्याची पिंपं. मुलगा नाही, बटाव्हिया नाही, कुणाची आई नाही. मी तीन कॉन्फरन्सेसना बोललेय यावर. लोक रडलेत, बाबा.”

मी म्हटलं, तुझा फोन यावा म्हणून केलं. हे ऐकून तरी तिला पाझर फुटेल असं मला वाटलं होतं, इतका मी मूर्ख.

“आईच्या वेळी पण तू हेच केलंस. माझ्या भल्यासाठी. मला काय कळावं, कधी कळावं, ते तू ठरवणार.” ती थांबली. “आणि ते सॉरी? ते तुला मला म्हणायचं होतं तर मला म्हणायचं ना. मी त्या नाखव्याला माफ केलं. ही डझन्ट इव्हन एक्झिस्ट.”

मी तेव्हा तरी म्हणावं की नाही? समोर बसली होती पोरगी, हात लांब केला असता तर पोचला असता. मी उठून फ्रीजमधून आंब्याचा डबा काढला. तो बघून ती उठली, बॅग खांद्याला लावली आणि बाहेर टॅक्सीची वाट बघत उभी राहिली. मी खिडकीतून बघत होतो. ऊन रणरणतं होतं आणि ती सावलीलासुद्धा सरकली नाही.

प्रकरण तिने काढून टाकलं. गाइडला काय सांगितलं ते मला माहीत नाही, विचारायचं तोंडही नव्हतं. पदवी वर्षभर लांबली. शेवटच्या तोंडी परीक्षेची लिंक तिने पाठवली, तेवढी माणुसकी तिच्यात तिच्या आईकडून आली आहे. मी इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसलो. माझा आवाज बंद ठेवला होता आणि कॅमेराही. ती छान बोलली. पडद्यावर पहिल्या पानावर प्रबंध आईला अर्पण केल्याचं दिसलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मीही वाजवल्या.

मंडळाच्या गणपतीत मी टेबल लावणं बंद केलं. लोकांनी विचारलं, काका, या वर्षी नाही का? मी म्हटलं, डोळे अधू झालेत. ही पण थापच. जित्याची खोड, दुसरं काय.

त्याच महिन्यात मी पुण्याच्या एका ऑनलाइन मोडी वर्गात नाव घातलं. दर शनिवारी इथल्या सकाळी साडेसातला वर्ग असतो. शिकवणारी मुलगी माझ्या मुलीपेक्षाही लहान. पहिल्याच परीक्षेत मी सपाटून आपटलो. शब्द अर्धा लागला की पुढचा मी मनाने पुरा करायचो, आयुष्यभराची खोड. ती शांतपणे म्हणायची, “काका, अंदाज करू नका. जेवढं दिसतंय तेवढंच वाचा. नाही लागलं तर नाही लागलं म्हणा.” सत्तरी ओलांडल्यावर हे मला पहिल्यांदा कोणी सांगितलं. मी एका वहीत ‘लागलं नाही’ असं लिहायला शिकलो. सुरुवातीला पानंच्या पानं तेच होतं.

वर्ष-सव्वा वर्ष गेलं. मग एका शनिवारी वर्ग संपल्यावर मी तो जुना फोटो उघडला. भीत भीतच. पहिली ओळ तासाभराने लागली. तांदूळ. मग नारळ. काथ्याचे दोर. आठवडा गेला त्यात, पण एकही शब्द मी माझ्या पदरचा घातला नाही. दुसऱ्या पानाच्या तळाशी, यादी संपता संपता, नाखव्याने लिहिलं होतं: वाटेत दर्या खवळला, पाण्याची दोन पिंपं गेली, खलाशी एक पाण्यात गेला तो लाभला नाही, पिंपांचा दोष आम्हांकडे नसावा.

मी त्या ओळीवर कितीतरी वेळ बसून होतो. खलाशी गेला, तो दोन पिंपांच्या आणि दोषाच्या मध्ये. कोण होता, कोणाचा होता, काही नाही. मी त्या नाखव्याच्या तोंडी तीन महिने खोटं दुःख घातलं, आणि त्याचं खरं दुःख त्याच कागदावर माझ्या नाकासमोर पडलेलं होतं. मला ते वाचता येत नव्हतं, आणि वाचता येत नाही हे मी सांगितलं नव्हतं. त्या बुडालेल्या माणसासाठी मी रडलो. बायकोसाठीही तेव्हाच रडलो, वेगळं काढता येईना.

रविवारी दुपारी दोन वाजता मी मुलीला फोन लावला. आता ती एका कॉलेजात शिकवते. वाटलं होतं उचलणार नाही, पण तिने उचलला.

“बाबा? इज एव्हरीथिंग ओके?”

“सगळं ठीक आहे. तुला एक सांगायचं होतं. दोन गोष्टी आहेत.” मी कागदावर लिहून ठेवलं होतं, ते वाचलं. “आईने तुला बोलाव म्हटलं होतं. चौथ्या आठवड्यात. मी बोलावलं नाही. चूक माझी होती. सॉरी. हे मी म्हणतोय, दुसरं कोणी नाही.”

तिने फोन ठेवला नाही.

“आणि दुसरं?” तिने विचारलं.

“तो कागद मी वाचला. आता येतो मला. वर्ग लावला होता.”

“खरंच?”

“खरंच.”

“थांब एक मिनिट,” ती म्हणाली. पलीकडे खुर्ची सरकली, कीबोर्डचा आवाज आला, काहीतरी शोधल्याचा. “ओके. वाच.”

मी पहिल्यापासून वाचलं. तांदूळ, नारळ, दोर, सरपण. एके ठिकाणी थांबून म्हटलं, इथला शब्द मला लागला नाही. ती “हं” म्हणाली. मग खवळलेला दर्या, दोन पिंपं, तो खलाशी, शेवटपर्यंत. माझी एकेक ओळ झाली की ती थोडा वेळ थांबायची आणि मग म्हणायची, पुढे. मला आधी वाटलं, ती ऐकते आहे. पाचव्या-सहाव्या ओळीला लक्षात आलं, पुण्याच्या बाईंचं वाचन तिने समोर उघडून ठेवलं होतं आणि ती माझा प्रत्येक शब्द त्याच्याशी ताडून बघत होती.

“बरोबर आहे, बाबा,” सगळं तपासून झाल्यावर ती म्हणाली.